माझी धडधडी, सुध्याचा पलंग

पोळा तोंडावर आला की नागपुरात इतवारीच्या रस्त्यावर लाकडाचे बैल येऊन उभे राहतात आणि इकडे माझं पोट दुखायला लागतं. निर्मलाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे पक्कं ठाऊक आहे. भाजीची पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता ती माझ्या तोंडाकडे पाहते आणि विचारते, "झालं का सुरू?" मी म्हणतो, काय सुरू? "तेच, दरसालचं. ओवा देऊ का?" ओव्यानं जाणारी पोटदुखी असती तर मी पोतंभर ओवा फाकला असता. माझी पोटदुखी म्हणजे माझा धाकटा भाऊ सुधाकर आणि त्याची मोटारसायकल. लपवून काय उपयोग? मला त्याचा हेवा वाटतो. चारचौघांत माणूस "आनंद आहे हो, भावाची भरभराट" म्हणतो. मीही म्हणतो. घरी आल्यावर मात्र पाण्याचा पेला जरा जोरात आपटला जातो.

आमचं गाव नरखेड तालुक्यातलं. संत्र्याची वाडी, थोडा कापूस, विहीर. सुधाकर तिथे वाडी पाहतो, माय त्याच्याजवळ राहते. मी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर आणि राहायला मानेवाड्यात. पण पोळा मी नागपुरात कधीच केला नाही. श्रावण सरता सरता काटोल रोडला लागलं की दोन्ही बाजूंनी ओल्या पळसाचा वास येतो. बैल धुऊन काढलेल्या नाल्यांचं पाणी गढूळ झालेलं असतं, पोट्टे शिंगांना हिंगूळ लावून हात लाल करून फिरत असतात, आणि घरोघरी दाराला टेकवायला पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, तोडून आणलेल्या असतात. ह्या वासावर मी आंधळा होऊन गावात पोचेन.

आमच्या घरचा पोळा मात्र बैलांचा नव्हे. बाबांच्या काळातच बैलजोडी विकली गेली, नांगरटीला ट्रॅक्टर आला. त्या साली खांदशेकणीचा दिवस उजाडला आणि बाबा रिकाम्या गोठ्यासमोर नुसते येरझारा घालत राहिले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं, गरम पाण्यानं शेकायचं आणि त्याच्या कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याचे हे उपकार फेडणं असतं. आता खांदाच नाही तर हळद चोळायची कुठे? शेवटी बाबांनी ओसरीतली मोटारसायकल गोठ्यासमोर आणून उभी केली आणि मायला म्हणाले, "आण व हळद. वाडीतली संत्र्याची खोकी कोण वाहते? हेच ना?" मायनं हँडलच्या दोन्ही मुठींच्या बुडाशी हळद-लोणी चोळलं. दुसऱ्या दिवशी गाडी घुंगरमाळ घालून आखरावर, म्हणजे पोळा भरतो त्या मैदानावर गेली, तोरणाखालून निघाली आणि घरोघर बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणीही घेऊन आली. गाव हसलं. पुढच्या साली गावात आणखी तीन गाड्यांना माळा होत्या, मग कोणी हसलं नाही.

ही गाडी एका जुन्या कंपनीची. नाव सांगत नाही. ज्यांच्या घरी आहे त्यांना आवाजावरूनच कळेल. धड, धड, धड. उभी असली तरी अंग हलवत राहणार. आमच्या गावात तिला धडधडीच म्हणतात. बाबांचा त्या कंपनीवर असा जीव की दुसऱ्या कंपनीच्या गाडीला ते गाडी म्हणायलाच तयार नसत. कोणी नवीन घेऊन दाखवायला आला की चहा पाजत, सारी फिरून पाहत आणि तो गेल्यावर म्हणत, "शिलाई मशीन हाय." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! त्याला त्यांचं एक शास्त्रही होतं: "गोठ्यात दोन जातीचे बैल जुंपू नये. जू वाकडं होते." मला नोकरी लागल्यावर मी गाडी घ्यायला निघालो तेव्हा विचारायचा प्रश्नच नव्हता. बाबा बरोबर आले, त्याच कंपनीच्या दुकानात गेलो, तीच धडधडी, तोच रंग. पोळ्याला दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या तेव्हा बाबा दूर जाऊन कमरेवर हात ठेवून पाहत राहिले आणि म्हणाले, "आता जोडी झाली." तेवढ्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं त्या गाडीवर खूश होतो.

बुटीबोरीचा रस्ता मी ह्याच गाडीवर रोज केला. पावसात, उन्हात, ट्रकांच्या धुरात. समोरून धडधडीवाला कोणी आला की आम्ही दोघंही डावा हात जरा उचलतो, ओळख असो की नसो. हात सुन्न व्हायचे, कंबर धरायची, बोलट निघून पडायचे. पण मी कधी तक्रार केली नाही. ज्याच्यावर बापानं हात फिरवला त्याची तक्रार कशी करायची?

बाबा गेले. त्यांची गाडी सुधाकरकडे राहिली आणि जोडी काही वर्षं चालली. मग त्या गाडीचं इंजिन बसलं. मी म्हटलं, दुरुस्त कर. तो म्हणाला, पाहू. मी म्हटलं, नवी घ्यायची असंन त आपल्याच कंपनीची घे. तो म्हणाला, पाहू. सुध्याचं "पाहू" म्हणजे काय हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी मी गाफील राहिलो.

त्या साली श्रावणात, एका रविवारी, मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. एक गाडी गल्लीत शिरली ती मला दिसली आधी आणि ऐकू आली नंतर. बसकी, लांब, रुंद सीटची, मागे टेकायला गादी. क्रूझर. दुसऱ्या कंपनीची. चालवणाऱ्यानं हेल्मेट काढलं तर सुध्या. आणि त्याच्या मागे, गादीला पाठ टेकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आरामखुर्चीत बसावं तशी आमची माय.

"माय! एवढ्या दूर गाडीवर आली?"

"मंग? धंतोलीत डॉक्टरले गुडघा दाखवला. एसटीची पायरी चढवत नाही गा मले." आणि ती उतरली. कोणाचा हात न धरता उतरली! पाय नुसता बाजूला टाकला की जमीन.

माझ्या गाडीवर बसणं तिनं केव्हाच सोडलं होतं. "तुही लय उंच हाय," म्हणायची. मी समजायचो, वय झालं. आता ह्याच वयाची बाई नरखेडहून नागपूरला आली होती आणि तोंडावर थकवा नाही. वर निर्मलाला म्हणते कशी, "काटोलपाशी त माही झपकी लागली होती व."

मी गाडीभोवती एक फेरी मारली, बाबांसारखीच. शिलाई मशीन म्हणायला तोंड उघडलं, पण नीट आलं नाही. म्हटलं, "पलंग घेतला का गा तू?" सुध्या हसला. गावात त्याच्या गाडीचं नाव पलंग पडलं ते माझ्यामुळे. त्या पोळ्याला मीच ते आखरावर पसरवलं.

मग चहावर उलगडा झाला. गाडी घ्यायच्या वेळी सुधाकर मायला घेऊन नागपूरला आला होता. एकेका दुकानात नेऊन त्यानं तिला एकेका गाडीच्या मागच्या सीटवर बसवून पाहिलं होतं. जिच्यावर ती चढू-उतरू शकली ती गाडी त्यानं घेतली. स्वतः चालवून पाहिली ती नंतर.

"म्हणजे तुम्ही नागपूरले आलते," मी म्हणालो. "अन् घरी नाही आलते."

मायनं बशी खाली ठेवली. "तू घेऊ दिली नसती ना गा. बापाची कंपनी, बापाची कंपनी केलं असतं."

घ्या! खोटंही नव्हतं. पण माझ्या शहरात, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर माझी आई दुकान दुकान फिरली आणि मी त्या दिवशी इथेच बनियनवर बसून पेपर वाचत असणार. "आजची रात राह्य," मी म्हटलं. "उद्या मी सोडून देतो." तिनं एकदा माझ्या धडधडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "कायले तरास? सुधाकर हाय ना." उन्हं उतरायच्या आत दोघं निघूनही गेली. गल्लीच्या वळणावर ती मागे टेकून बसलेली दिसली. माझ्या मागे ती कधी अशी टेकून बसली नव्हती, मुठीनं सदरा धरून बसायची. निर्मला म्हणाली, "तोंड कायले एवढं करता? धाकट्यानं मायचं केलं, चांगलंच केलं ना?" ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

हेवा हा प्रकार मोठा बारीक असतो. मला सुध्याची वाडी नको होती, त्याचं घर नको होतं. मला पाहिजे होता तो हा हक्क, की माय दुखलीखुपली की गाडीची किल्ली मी उचलावी. थोरला मी. शहरात मी. डॉक्टर माझ्या शहरात. आणि किल्ली त्याच्या खिशात.

पोळ्याला गेलो तर गोठ्यासमोर माझ्या धडधडीशेजारी तो पलंग. एक उंच आणि ताठ, एक बसका आणि लांबलचक. जोडी म्हणायची सोय नाही. बाबांची गाडी आत पोत्याखाली झाकलेली. संध्याकाळी माय हळद-लोणी घेऊन आली. मान थोरल्याचा, म्हणून पहिली माझीच गाडी. मी छाती काढून उभा. तिनं दोन्ही मुठींना हळद लावली, आवतन दिलं. मग सुध्याच्या गाडीकडे वळली आणि काय करावं? गुडघ्यात कळ आली म्हणून सरळ त्या गाडीवर बसली, आणि बसल्या बसल्या हँडलपर्यंत वाकून सावकाश, गप्पा मारत हळद चोळत राहिली. माझ्या गाडीला मान मिळाला आणि त्याच्या गाडीला वेळ मिळाला. मी तो वेळ मोजत उभा होतो, काय सांगू!

दुसऱ्या दिवशी आखरावर गावाला आयतीच करमणूक. "भाऊ, जोडी नाही जमली गा!" "एक गावरान अन् एक विलायती!" मीही फोडणी घातली, पलंग म्हणालो, उशी कुठी हाय म्हणालो. लोक हसले. सुध्याही हसला, त्याला रागच येत नाही. त्यामुळे माझा तिळपापड दुप्पट.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, मेढे गावाबाहेर फेकून झाले. "घेऊन जा गे मारबत" ओरडून गावानं इडापिडा घालवली. माझी काही गेली नाही. मायला वाडीतल्या देवाला निवद दाखवायला जायचं होतं. सुधाकरकडे संत्र्याचे व्यापारी आले होते. त्यानं किल्ली माझ्यापुढे केली.

"भाऊ, तू ने तिले. माही गाडी घेऊन जा, तुह्यावर ते चढत नाही."

मला पाहिजे ते हातात आलं, तेही त्याच्याच हातून, तेही त्याच्याच गाडीवर. नाही म्हणावं असं फार वाटलं. पण माय चपला घालून उभी होती.

आता खरं सांगतो. ती गाडी चांगली होती. दोन्ही तळपाय सपाट जमिनीला टेकले. बटण दाबलं तर सुरू झाली की नाही हे वाकून पाहावं लागलं. गियर लोण्यात सुरी जावी तसा पडला. वाडीकडे जाणाऱ्या पांदणीच्या खड्ड्यांत माझी कंबर आपोआप आवळून तयार झाली होती, पण धक्का आलाच नाही. मी दोष शोधत होतो. वळणावर जड असेल म्हटलं, नव्हती. ब्रेक लबाड असेल म्हटलं, नव्हता. माझ्या गाडीच्या आरशात मागचं सगळं थरथरत असतं. इतक्या वर्षांत मला वाटायचं आरसे असेच असतात. ह्या आरशात माझ्या मायचं तोंड स्पष्ट दिसत होतं. हनुवटीवरचं गोंदणसुद्धा दिसत होतं. जाताना ती काही बोलली नाही, मीही नाही. मी नुसता चालवत होतो आणि बाबा वरून पाहत नसले तर बरं, असं मनात म्हणत होतो.

वाडीत निवद झाला. निघताना भुरभुर सुरू झाली. गाडीच्या पेटीत सुध्याचा निळा रेनकोट होता, तो चढवला, त्याचंच हेल्मेट घातलं. माय मागे बसली, पदर डोक्यावर ओढला, पाठ टेकली. थोडं अंतर गेलं असेल.

"सुधाकर, भाऊले शेवया बांधून देल्या का गा?"

मी आरशात पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते, झपकी लागली असावी. तीच गाडी, तोच रेनकोट, तीच रोजची बैठक. माय, मी मधुकर, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मी म्हटलं, "हाव."

"अन् लोणचं?"

"हाव, माय."

"पोट्टा वाळला. पाह्यलं का तुनं? कारखान्यात उभा राहून राहून पाय सुजते त्याचे. निर्मलानं सांगतलं, थो काय सांगते! लहानपणीही असाच. तू पडला की गाव गोळा करे. थो पडला की धूळ झटके अन् गुमान घरात ये."

मी गाडी आणखी हळू केली. पांदण संपू नये म्हणून.

"गाडीवरून जीव जळून राहिला त्याचा. मले का दिसत नाही? जळू दे. पण तू त्याले हासू नोको. बाप भल्ला लाडका त्याचा, त्याले वाटते गाडी बदलली म्हणजे बाप बदलला." तिनं पदर पुन्हा डोक्यावर ओढला. "मले का वाईट वाटत नाही? पण तुह्या बाबाच्या मांग बसून मले जन्मभर बोलता नाही आलं. काही म्हटलं की काय? काय? करे माणूस. मंग मी सोडूनच देलं. मधुकरच्या मांगही तसंच. त्याच्यासंग लय बोलायचं रायते गा मले. पण थो आला म्हणजे पाहुणा. पाहुण्यासंग काय बोलते माणूस? जेव म्हणते, अन् राह्य म्हणते."

रेनकोटवर पाणी टपटपत होतं. हेल्मेटच्या आत मला नीट दिसेना.

"पहिला हाय ना थो माह्या पोटचा," ती म्हणाली. "तू मनाले लावून घेऊ नोको, सुधाकर. पण पहिल्याचं येगळंच असते."

मी म्हटलं, "नाही लावत, माय."

घर आलं. व्यापारी गेले होते, सुध्या ओसरीत उभा होता. त्यानं मायला हात दिला. निळ्या रेनकोटातून मी बाहेर येईपर्यंत ती पदर झटकत आत गेली होती.

"कशी वाटली गाडी?" त्यानं विचारलं.

"ठीक हाय."

"काय म्हणे माय?"

"काही नाही. गप होती."

"तू होता म्हणून," तो किल्ली घेत हसला. "माह्यासंग त गाडीवर बसली की तुह्याबिगर दुसरी गोष्टच नाही तिची. जाताना मधुकर, येताना मधुकर. धंतोलीपावतर मधुकर. मी आपला हो माय, हो माय करत रायतो." आणि फडकं घेऊन तो गाडी पुसायला बसला.

माझ्याबद्दल माझ्या मायच्या मनात जे काही होतं ते ह्याच्या पाठीमागे बसून बोलून झालं होतं, आणि ते ऐकून हा घरी येऊन गाडी पुसत होता. मी ओसरीत ओला उभा राहून त्याच्याकडे पाहत राहिलो. इतका हेवा मला आयुष्यात कोणाचा वाटला नाही.